अर्धा कोयता

शिरूर कासार
१२ नोव्हेंबर २०२५

सायली,

सासूचा आशीर्वाद तुला चालत असेल तर घे, नसेल तर माझ्या नातीला, राजनंदिनीला दे.

तू माझा नंबर बंद करून ठेवलास, त्याचा मला राग नाही. तुझ्या वकिलांनी सांगितलंय म्हणे, त्या घराशी जे बोलायचं ते लेखी. ठीक आहे. लिहायचा मला कंटाळा नाही. खताच्या गोणीवरची अक्षरं लावून लावून मी वाचायला शिकले, हे तुला माहीत आहे. तू नांदायला आलीस तेव्हा वाचनालयाचं पुस्तक मी तुझ्याआधी संपवायचे, आणि शेवट सांगून टाकते म्हणून तू चिडायचीस.

शेजारच्या वत्सलाबाईला तू फोनवर विचारलंस की माझ्या अंगदनं दिवाळीआधी कोर्टात थकलेली पोटगी भरली, ते पैसे आणले कुठून. तिला माहीत नाही. मला माहीत आहे, पण सांगायचं नाही असं ठरलंय. एवढं सांगते की चोरीचे नाहीत, व्याजाचे नाहीत आणि कुणाच्या ठेवीतले तर मुळीच नाहीत. कष्टाचे आहेत. फक्त कष्ट अजून व्हायचे आहेत.

त्याच्या पतसंस्थेला कुलूप लागून वर्ष होत आलं. निकालात तुझी पोटगी ठरली तेव्हा तो कॅशिअर होता आणि पगारावरून ती ठरली होती. आता पगार नाही. पेट्रोल पंपावर गेला, तर मालकाच्याच सासूची ठेव बुडालेली निघाली. कापडदुकानात दोन दिवस उभा राहिला, तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईकानं गळपट्टी धरली. पैसे त्यानं खाल्ले नाहीत हे लोकांना कळतं, पण त्यांनी मोजून दिले होते ते त्याच्या हातात. मग ते त्याचाच हात धरतात.

पोटगी कमी करावी असा अर्ज त्यानं दिलाय. तो मला विचारून दिलेला नाही. कमी कर असं मी तुला म्हणणार नाही. राजनंदिनीचे आजोबा गेले तेव्हा अंगदला नोकरी नव्हती. माझे दीर म्हणाले, वैनी, आमी हाओत की. मग पुढं मला मिठापासून सगळं मागावं लागलं. मागून आणलेलं मीठ मी खाल्लंय, म्हणून कागदावर ठरलेल्याची किंमत मला कळते. तू सोडू नकोस.

माझं मागणं वेगळं आहे. जानेवारीत तारीख आहे. मधल्या दोन महिन्यांत पैसे जमा झाले नाहीत तर तुझे वकील त्याच्यावर वॉरंट मागतील, हे मला कळतं. तो आत गेला तर तुलाही काही मिळणार नाही आणि मलाही. तेवढं उन्हाळ्यापर्यंत थांबता येईल का, याचा विचार कर.

हरवलेल्या पाटल्यांवरून या घरात जे झालं, ते विसर असं म्हणत नाही. तुझ्या वडिलांनी घातलेल्या पाटल्या सापडेनात म्हणून तू आणि मी कणगीतली ज्वारी उपसून पाहिली होती. अंगद दारात उभा राहून म्हणत होता, धांदरटच हाय ती. मी त्याला तेव्हा गप्प बस म्हणाले होते. तो बसला नाही.

अक्षर वाकडं आलंय. विळीवर बोट कापलं.

राजनंदिनीचा पुढचा दात आला का?

छबू आत्या


शिरूर कासार
७ डिसेंबर २०२५

सायली,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं.

या वेळी मला एकच विचारायचंय. तुझे चुलते बिभीषणभाऊ घरी येऊन अंगदबद्दल काही बोलले का? बोलले असतील तर त्यांनी जे पाहिलं ते खरं आहे, पण त्यांना जे वाटलं ते खरं नाही. यापेक्षा जास्त मी लिहू शकत नाही. मी शब्द दिलाय, तोही माझ्याच पोराला, त्यामुळं मोडायला आणखी जड जातो.

इथं थंडी फार आहे. वाऱ्याला आडोसा असा नाहीच. घर म्हटल्यावर आडोसा असायचाच, असं तू म्हणशील. खिडकीचं दार निखळलंय.

राजनंदिनीच्या आजोबांचे दोन शर्ट मी पेटीत ठेवले होते, ते आता वापरायला काढलेत. लुगड्यावरून घालते. सहा वर्षं घडी मोडली नव्हती. पहिल्या दिवशी हात घालताना वाटलं की त्यांना विचारायला हवं होतं. ते शेतातून आले, पाणी मागितलं, आणि मी तांब्या घेऊन वळेपर्यंत गेले. विचारायचं राहिलेलं पुष्कळ आहे. रोज एखादं आठवतं.

मी घरी बसून काय करते असं कुणी विचारलं तर वाचते म्हणून सांग.

जे ऐकशील ते लगेच वकिलांच्या कानावर घालू नकोस. आधी मला विचार. पत्र शिरूरच्याच पत्त्यावर टाक. वत्सलाबाई मला पोचवील. पोचवील म्हणजे देईल.

छबू आत्या


गोदाकाठचा तळ, माजलगावकडचा भाग
२८ डिसेंबर २०२५

सायली,

वरचा पत्ता बघून तू दचकली असशील. मागच्या दोन पत्रांवर मी शिरूर कासार लिहिलं होतं, ते खोटं होतं. विळी खोटी आणि खिडकीही खोटी. दिवाळी झाल्यापासून मी इथंच आहे.

तुझं पत्र वत्सलाबाईनं किराणा घेऊन येणाऱ्या जीपमधून पाठवलं. तू फार थोडं लिहिलंस, ते मला पाठ झालंय. "आत्या, त्यांनी दुसरी बायको केली असेल तर करोत, निकाल लागलाय, त्यांना अडवणारी मी कोण. पण तिला पोसायला आहे आणि राजनंदिनीला नाही, हे मी सहन करणार नाही. बारा तारखेला मी वॉरंट मागणार. तुम्ही एकदा तरी खरं सांगायला हवं होतं."

आता सांगते. अंगदला या पत्राचं माहीत नाही.

बिभीषणभाऊंनी उसाच्या फडात अंगदजवळ जी बाई पाहिली, ती मी.

दसऱ्याच्या सुमाराला अंगद तानाजी मुकादमाकडं गेला होता. ऊस तोडायला जाणाऱ्यांना तो आगाऊ रक्कम देतो, ती उचल घ्यायला. आपल्या घरातलं आजवर कुणी कोयता घेऊन गेलेलं नाही. उलट जाणाऱ्यांच्या मागं त्यांच्या शेरड्या आपण सांभाळल्या. तानाजीनं त्याला बसायला खुर्ची दिली आणि म्हणाला, "या क्याशेरसाहेब. माजी ठेव द्यायला आलाव काय?"

अंगद म्हणाला, "उचल पायजे. मी येतो तोडीला."

"कुणासंगं?"

"एकटाच."

तानाजी हसला. "एकटा माणूस म्हंजे अर्धा कोयता. तू तोडशील, मंग मोळी कोण बांधील, तुजी पतसंस्था? जोडी लागती बे. बायकू आन, पूर्ण उचल घेऊन जा."

तू बीड जिल्ह्यातलीच आहेस, तुला हे समजावून सांगायला नको. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्याला निम्मी उचल, आणि तीही देताना कुरकुर. अंगद घरी आला आणि ओसरीवर तोंड फिरवून बसला. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "मी अर्धा हाय म्हणं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तानाजीच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हणाले, "मोळी मी बांधीन. लिहा पूर्ण कोयता."

"वैनी, कावून चेष्टा करता? रामकिसनभाऊ असते तर माजं तंगडं मोडलं असतं."

"ते न्हाईत म्हणून तर आलेय."

"माय-लेकराचा कोयता मी अजून नेला न्हाई. टोळी हसंल मला."

"हसू द्या. काम कमी पडलं तर बोला."

त्याची बायको आतून म्हणाली, "घ्या वं त्यास्नी. त्यांच्या हातची वैरण बांधलेली पाह्यलीय मी, गाठ सुटत न्हाई." तेव्हा कुठं तो कबूल झाला.

ते पैसे दिवाळीआधी कोर्टात भरले. तुला मिळाले. आता आम्ही जे तोडतो ते त्यातच वळतं होतं. हातात मिळते ती खर्ची, पीठ-मिठाची. म्हणून नोव्हेंबरची पोटगी आली नाही आणि डिसेंबरचीही येणार नाही. हंगाम संपला की उचलीवर जे जादा निघेल ते पहिलं तुझं.

अंगदनं माझ्याकडून एक शब्द घेतला होता. म्हणाला, "माय, तू येतीस तर ये. पण सायलीला कळता कामा न्हाई. तिला कळलं तर मी फड सोडून जाईन." बायकोला पोटगी द्यायला आईला उसात घातलं, हे त्याला ऐकायचं नव्हतं.

आता बिभीषणभाऊंचं. ते म्हशींसाठी वाढं घ्यायला पिकअप घेऊन आले होते. उसाचे शेंडे आम्हीच विकतो, त्यावर आमचं तेलमीठ निघतं. मी मोळी बांधत होते. अंगावर शर्ट, डोक्याला फडकं, तोंडही बांधलेलं, कारण पानं गालाला कापतात. गाडीतून उतरलेला माणूस कोण हे मला चालण्यावरून कळलं. व्याही समोर आले म्हटल्यावर जी सवय असते ती आधी झाली. फडक्यावरून पदर ओढला आणि पाठ केली. मग लक्षात आलं की ओळखू आले तर पंचाईत. म्हणून मोळीआड खालीच बसले.

ते अंगदला म्हणाले, "काय जावईबापू, टाय सुटला आन कोयता आला व्हय?"

अंगद म्हणाला, "वाढं किती पायजे?"

तेवढ्यात तानाजी गाडीवरून ओरडला, "अंगद, तुज्या जोडीदारणीला म्हण हात उचल. गाडी भरायची हाय."

बिभीषणभाऊंनी माझ्या पाठीकडं पाहिलं. "जोडीदारीण," म्हणाले. "लाजती लई. नवीन दिसती."

टोळीतल्या बाया फिदीफिदी हसल्या. त्यांना वाटलं पाहुणा गमतीला आलाय. अंगदची मान खाली गेली. माय हाय, एवढं म्हटलं असतं तर तिथंच संपलं असतं. तो म्हणाला नाही. मीही उठले नाही. पाठ करून बसले आणि ज्याला जे दिसायचं ते दिसलं. पिकअप गेल्यावर साखराबाई नावाची एक म्हातारी मला म्हणाली, "आता नवी नवरी म्हणून तुला हळद लावावी लागती गं."

सायली, हे सगळं मी दया यावी म्हणून लिहीत नाही. दया आली तर ती बाजूला ठेव. पोटगी कमी करून घेऊ नकोस. मी मोळ्या बांधते ते ती कमी व्हावी म्हणून नाही.

आणखी एक आहे, आणि ते मी तुला सांगतेय हे अंगदला कळलं तर तो मला काय म्हणेल माहीत नाही. मागच्या आठवड्यात भाकरी खाताना तो आपणहून बोलला. तुझ्या पाटल्या हरवल्या नव्हत्या. वरच्या साहेबानं ठेवींचा आकडा पुरा करायला सांगितला होता, नाही तर बदली. यानं पाटल्या गहाण टाकून आपल्याच शाखेत माझ्या नावानं ठेव दाखवली. महिन्यात सोडवीन म्हणाला होता. सुटल्या नाहीत. तू कणगी उपसत होतीस तेव्हा पाटल्या कुठं आहेत हे त्याला माहीत होतं.

मी त्याला मारलं नाही. हातात भाकरी होती. ती खाली ठेवली आणि फडात गेले. दिवसभरात एकही मोळी मात्र सैल बांधली नाही.

बिभीषणभाऊ तुला येता-जाता म्हणतात ना, हातातलं सांभाळता येईना, संसार काय सांभाळणार होती? वत्सलाबाईनं सांगितलंय मला. आता तुला उत्तर आहे.

हे पत्र वकिलांना दाखव. त्यातून तो कमावतो असं सिद्ध झालं तर होऊ दे. खोटा अर्ज दिला म्हणून कोर्ट रागावलं तर रागावू दे. तो आत जावा की जाऊ नये, हे आता मी सांगणार नाही. माझ्या बाजूला काही उरलं नाही, सगळं तुला दिलं.

छबू आत्या


गोदाकाठचा तळ
११ जानेवारी २०२६

सायली,

हे पत्र उद्या अंगद तुला कोर्टात देईल. पाकीट मी चिकटवलेलं नाही. त्याला वाचायचं असेल तर वाटेत वाचील.

मी तुला काय लिहिलं ते त्याला काल सांगितलं. सगळं, पाटल्यांचंही. तो कोयत्याला धार लावत होता. दगड खाली ठेवला आणि म्हणाला, "शब्द दिलता तू."

"दिलता."

"मंग?"

"तू बी तिला अग्नीपुढं दिलता."

तो उठून कोपीबाहेर गेला. कोपी म्हणजे आमचं घर, बांबू वाकवून वरून ताडपत्री टाकलेली. मला वाटलं, आता हा फड सोडून जातो. शब्द मोडला तर जाईन, असं तो आधीच म्हणाला होता. मी चुलीपाशी बसले आणि त्याच्या चपलांकडं बघत राहिले. चपला होत्या. अनवाणी माणूस किती लांब जाणार, असं म्हणून मी पीठ मळायला घेतलं.

परत आला तेव्हा भाकरी गार झाली होती. खाल्ली. मग म्हणाला, "मी कोर्टात काई बोलणार न्हाई. वॉरंट काढू दे. आत बसतो."

"आत बसलास तर पोटगी माफ होत न्हाई. वकिलाला इचार."

"मला ठावं हाय."

"आन मी इथं अर्धी ऱ्हाते. तानाजी मला कोयत्यात धरत न्हाई. उचल अंगावर ऱ्हाती. त्याचं काय करायचं तेवढं सांगून जा."

मला त्याची कीव येत होती आणि रागही येत होता. दोन्ही एकदम येतात तेव्हा मी काम काढते. त्याचा पांढरा शर्ट धुतला. कोर्टात जायला त्याच्याकडं तो एकच उरलाय.

आज दिवसभर तो अशी ओळ तोडत होता, जणू उसाशी भांडण आहे. मला बांधायला पुरेना. साखराबाई म्हणाली, "सावकाश बे, माय हाय तुजी, मशीन न्हाई." तेव्हा थांबला. माझ्याकडं बघितलं. राजनंदिनीच्या आजोबांच्या शर्टाचं कोपर फाटून हात दिसत होता आणि त्यावर पानांचे ओरखडे. त्यानं तोंड फिरवलं. दुसरा शर्ट मागच्या आठवड्यातच गेला. फाटलेल्या कोपरावर मी फडकं बांधलंय. कापड जुनं होतं, जायचंच होतं.

उद्याचा दिवस आमचा खाडा लागणार. अर्धा कोयता हजर धरत नाहीत. तरी मी फडात जाणार आहे. कोपीत बसून वाट बघणं मला जमणार नाही.

तू उद्या काय करशील हे मला माहीत नाही. मी पुस्तकाचा शेवट आधी सांगायचे, या वेळी मला येत नाही.

एवढंच कर. जे करशील ते तुझ्या तोंडानं कर, वकिलाच्या नाही.

छबू आत्या


गोदाकाठचा तळ
१४ जानेवारी २०२६

सायली,

आज संक्रांत. टोळीतल्या बायांनी गुळात तीळ घोळून वाटले. मला देताना कुणी मागंपुढं पाहिलं नाही. इथं हळदीकुंकू नसतं, त्यामुळं विधवा कोण आणि सवाष्ण कोण हे आज कुणाला निवडावं लागलं नाही.

अंगद परवा दिवस मावळताना आला. मी रस्त्याकडं पाठ करूनच काम करत होते. दिवसभर एकटीनं तोडलं, एकटीनं बांधलं. तानाजी दुपारी येऊन म्हणाला, "वैनी, हे धरलं जाणार न्हाई, कशाला मरता?" मी म्हणाले, धरू नका. वडापची जीप आली की मी कान देत होते. एक गेली, दुसरी गेली. तिसरी थांबली तेव्हा मी मान वर केली नाही. उतरलेला तो नसला तर काय, हे मला बघायचं नव्हतं.

"माय," म्हणाला.

मग मी मोळीवर बसले.

त्यानं सांगितलं ते मी इथं लिहिते, म्हणजे त्यानं काही फिरवून सांगितलं असेल तर तू मला कळवशील.

तुझे वकील वॉरंटाचं बोलायला उठले आणि तू त्यांचा कोट धरून खाली बसवलंस. जज मॅडमना म्हणालीस, "हे ऊस तोडीत हायेत. हंगाम संपंपर्यंत मी थांबते. थकलेलं सगळं तेव्हा घेईन. कमी काई करायचं न्हाई." मॅडमनी अंगदला विचारलं, हे खरं का? तो म्हणाला, खरं. कमी करण्याचा अर्ज? मागं घेतो म्हणाला. मॅडमनी एप्रिलची तारीख दिली. त्यांच्या टेबलावर पुष्कळ कागद होते, त्यांना एवढंच लागत होतं.

मग बाहेर लिंबाखाली, टाईपवाल्याच्या टेबलापाशी तू त्याला थांबवलंस. तुझे वडील होते, बिभीषणभाऊ होते. तू म्हणालीस, "कोर्टाचं झालं. आता माजं. पाटल्यांचं काय झालं ते यांच्यापुढं सांगा."

अंगद म्हणतो, वॉरंट निघालं असतं तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. टाईपवाल्यानं हात थांबवला होता. चहाचा पेला घेऊन कुणी तरी जवळ सरकलं होतं. पण तो बोलला. कुठं गहाण टाकल्या, कशासाठी, आणि तू शोधत होतीस तेव्हा आपण दारात उभे होतो, हेही. तुझे वडील रुमालानं चष्मा पुसत राहिले, असं तो सांगतो. बिभीषणभाऊ बराच वेळ चपलेच्या अंगठ्याकडं बघत होते. मग कशावरून तरी बोलायचं म्हणून म्हणाले, "बरं, ते ऱ्हाऊ द्या. मंग ती बाई कोण?"

"ती माजी माय हाय."

हे तो मला सांगत होता तेव्हा त्याचा आवाज इतका बारीक झाला की मी दोनदा विचारलं. काय म्हणालास? दोन्ही वेळा त्यानं पूर्ण सांगितलं. मग मला हसू आलं. साखराबाई पलीकडून ओरडली, "काय झालं गं?" मी म्हणाले, व्याह्यांना नवरी कळली.

तू त्याला माफ केलं असं तो समजत नाही आणि मीही समजत नाही. तू त्याच्याशी पुढं एक शब्द बोलली नाहीस, राजनंदिनीला दाखवायला आणलंही नव्हतंस. ते बरोबर होतं. फक्त जाताना कापडी पिशवी त्याच्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "आत्याला द्या. पानं कापतात."

पिशवी मी त्याच्यासमोर उघडली नाही. तो पाणी आणायला गेला तेव्हा उघडली. त्याचे पतसंस्थेतले शर्ट, चारही. घर सोडताना तू गोधडीसाठी म्हणून जुन्या कपड्यांचं गाठोडं नेलं होतंस, त्यातले. एकाच्या खिशावर पेनाची शाई अजून तशीच आहे. तू ते फाडले नाहीस. गळ्याचं बटण सगळ्यांना दुहेरी धाग्यानं पक्कं केलंस. कोपरावर आतून ठिगळ लावलंस. तू शिवणक्लास चालवतेस, माझं माप तुला डोळ्यांनी कळतं. तरी बाह्या आखूड केल्या नाहीस.

तू पत्र वाचून एखादी चिठ्ठी धाडली असतीस की आत्या, तुम्ही घरी जा, हे तुमचं वय नाही, तर मी काय केलं असतं याचा मी विचार करून ठेवला होता. उत्तरही लिहून ठेवलं होतं, जरा कडकच. ते लागलं नाही.

काल सकाळी मी शाईचा डाग असलेला शर्ट घातला. अंगदनं ओळखला. पुढं होऊन ओळ धरली. तानाजी म्हणाला, "क्याशेरबाई आल्या." मी त्याला म्हणाले, "ठेव मागू नका, मोळ्या मोजा."

बाह्या मला बोटांपर्यंत येतात. मी दुमडल्या नाहीत.

राजनंदिनीला पुढचा दात आला की कळव. पत्र इथंच टाक, तळावर येतं.

छबू आत्या